लेका, तुझा मुकादम कोण?

हिंजवडीच्या टेक कन्सल्टन्सीत काम करणं म्हणजे नेमकं काय? भरघोस पगार, फॉरेनचं स्वप्न की बेंचवरची धाकधूक? उत्तर सापडलं थेट लिंबागणेशच्या ओसरीवर.

"तर तू नेमकं करतूस काय, ते एकदा नीट सांग बरं," मामा म्हणाले आणि दादाच्या हातातलं सीताफळ हातातच राहिलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५. स्थळ: बीड जिल्ह्यातलं लिंबागणेश, पाटोदा-मांजरसुंबा रस्त्यावरचं आत्याचं गाव. आजूबाजूला बालाघाटाचे डोंगर, समोर जीआय टॅग मिळवलेल्या बीडच्या सीताफळांची पाटी आणि दिवस संकष्टीचा. लिंबागणेशला संकष्टी म्हणजे साधीसुधी नसते, कारण इथला गणपती भालचंद्र. गणपतीला हसला म्हणून चंद्राला शाप मिळाला, त्याने इथे तप केलं आणि शेवटी गणपतीने त्याला कपाळावर जागा दिली, अशी कथा आत्याने आम्हाला लहानपणापासून ऐकवली आहे. थोडक्यात, बॉसला हसू नये.

मामांच्या (आत्याचे यजमान, आमच्याकडे त्यांनाही मामाच म्हणतात) प्रश्नाला कारण होतं. आदल्याच दिवशी टीसीएसचे तिमाही आकडे आले होते. जूनअखेर ६ लाख १३ हजार ०६९ असलेली माणसं सप्टेंबरअखेर ५ लाख ९३ हजार ३१४ झाली होती. म्हणजे एका तिमाहीत जवळपास वीस हजार कमी. टीव्हीवरची ही बातमी मामांनी रात्री ऐकली होती.

दादा टीसीएसमध्ये नाही. पण त्याच जातकुळीतल्या एका टेक कन्सल्टन्सीत तो अकरा वर्षं आहे. वय चौतीस, पद सीनिअर कन्सल्टंट, पुनावळ्यात टू बीएचके, महिना ४६ हजारांचा ईएमआय. आणि एक गोष्ट, जी त्याने मला जामखेडच्या पुढे गाडीत सांगितली होती आणि घरी सांगू नको म्हणून बजावलं होतं: गेले तेवीस दिवस तो बेंचवर आहे.

त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीत मामांचं सोयाबीन गेलेलं. यंदा घरात येणारा भरवशाचा पैसा एकच, दादाचा पगार. त्यामुळे मामांचा प्रश्न साधा असला, तरी उत्तर देणं काही साधं नव्हतं.

माणसं नाही, तास

"अण्णा, समजा अमेरिकेतल्या एका विमा कंपनीला कॉम्प्युटरचं काम आहे," दादाने सुरुवात केली. "तिच्याकडे तेवढी माणसं नाहीत. ती आमच्या कंपनीला सांगते. कंपनी आमच्यातली दहा जणं त्या कामावर लावते आणि आमच्या तासांचे पैसे लावते."

"पैसे कुणाला मिळतात?"

"कंपनीला. कंपनी आम्हाला पगार देते."

मामा क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजी तुझी कंपनी मुकादम हाय की."

आम्ही दोघंही हसलो. मामा हसले नाहीत. तरुणपणी त्यांनी स्वतः दोन हंगाम उसाच्या फडात काढलेत. कारखान्याला तोड हवी असते, माणसं मुकादम आणतो. कारखाना मुकादमाला ओळखतो, माणसाला नाही. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता' आणि हिशोब कोयत्याचा. आमच्या एचआरच्या भाषेत माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. दादाचं हसू थोडं आवरलं.

गणित मांडून बघू. समजा, क्लायंट एका इंजिनीअरमागे तासाला २५ डॉलर देतो. दिवसाचे आठ तास, महिन्याचे वीस दिवस, झाले ४,००० डॉलर. त्या ऑक्टोबरच्या भावाने साधारण साडेतीन लाख रुपये. इंजिनीअरच्या हातात समजा लाखभर पडतात. उरलेल्यात ऑफिसचं भाडं, सेल्सची माणसं, मॅनेजरांची उतरंड, ट्रेनिंग, बेंचवर बसलेल्यांचा पगार आणि कंपनीचा नफा. म्हणूनच या धंद्यात सर्वात लाडका शब्द आहे 'युटिलायझेशन', म्हणजे एकूण माणसांपैकी किती जण क्लायंटच्या बिलावर आहेत. तुम्ही बिलावर असाल तर कंपनीसाठी कमाई, नसाल तर खर्च. इतकं सरळ आहे.

हा धंदा आपल्याकडे नवा नाही. टीसीएस १९६८ सालची. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, सात जणांनी मिळून, आणि तिचा पहिला क्लायंट न्यूयॉर्कचा होता. दोन वर्षांनी ती बंगलोरला गेली. ९० च्या दशकाच्या शेवटी वायटूकेचं काम आलं, दोन आकडी वर्षं चार आकडी करण्याचं, आणि भारतीय इंजिनीअरचे तास जगभर विकले जाऊ लागले. हिंजवडीचं आयटी पार्क, वाकड-बाणेरचे टॉवर आणि रविवारच्या मॉलमधली गर्दी, या सगळ्याखाली हाच धंदा आहे.

रोजंदारी, गुत्तं आणि सालगडी

पण 'कन्सल्टन्सी' हा एकच शब्द असला तरी आत कामाचे तीन तऱ्हेचे करार असतात. तुमचं आयुष्य कसं जाणार, हे पगारापेक्षा त्यावर जास्त ठरतं. दादा इंग्रजीत सांगत गेला आणि मामांनी प्रत्येकाला शब्द दिला.

पहिला, टाइम अँड मटेरियल. जितके तास, तितके पैसे. "रोजंदारी," मामा म्हणाले. इथे टाइमशीट हाच देव. बहुतेक वेळा क्लायंटच्या टीमबरोबर बसून काम, त्यामुळे शिकायला मिळतं. पण क्लायंटने बजेट कापलं की दुसऱ्या महिन्यात तुम्ही बाहेर. दादाचं तेच झालं. चार वर्षं ज्या क्लायंटचं काम केलं, त्याने व्हेंडर कमी केले आणि एका ईमेलमध्ये अख्खी टीम मोकळी झाली.

दुसरा, फिक्स्ड प्राइस. अमुक सिस्टीम, अमुक तारखेपर्यंत, अमुक रकमेत. "हे तर गुत्तं!" बरोबर, मराठवाड्यात कंत्राटाला गुत्तंच म्हणतात. यात अंदाज चुकला तर तोटा कंपनीचा, आणि तो भरून निघतो तुमच्या शनिवार-रविवारातून. पण कोरी पाटी घेऊन सिस्टीम पहिल्यापासून उभी करण्याची मजा असते ती यातच.

तिसरा, मॅनेज्ड सर्व्हिसेस. क्लायंटची सिस्टीम वर्षानुवर्षं सांभाळायची, बिघडली की दुरुस्त करायची. "सालगडी." नोकरी त्यातल्या त्यात स्थिर. पण शिफ्ट असते, रात्री फोन वाजतो आणि पाच वर्षांनी लक्षात येतं की जगात कुणी वापरत नाही अशा सॉफ्टवेअरचे तुम्ही एक्स्पर्ट झाला आहात.

इंटरव्ह्यूत आपण काय विचारतो? पॅकेज किती, हाइक किती, वर्क फ्रॉम होम आहे का. रोजंदारी, गुत्तं की सालगडी, हे कुणी विचारतच नाही.

प्लस पॉइंट्स, आणि ते छोटे नाहीत

रडगाणं पुरे. दादाला विचारलं, अकरा वर्षांत या नोकरीने काय दिलं? त्याने बोटं मोजायला सुरुवात केली आणि दुसऱ्या हातावर गेला.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दार उघडं होतं. आयआयटी नाही, कुणाचा वशिला नाही, इंग्रजी अडखळत. बीडच्या पॉलिटेक्निकमधून पुण्यात डिग्रीला आलेल्या मुलाला कॅम्पसमधून नोकरी मिळाली ती अशाच कंपनीत. प्रॉडक्ट कंपन्या शेकड्याने घेतात, कन्सल्टन्सी हजारांनी. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांतल्या कितीतरी घरांत पहिला पगारदार असाच तयार झाला.

दुसरं, शिक्षण. मेकॅनिकलवाल्याला, सिव्हिलवाल्याला तीन-चार महिने पगार देऊन कोडिंग शिकवणारी दुसरी इंडस्ट्री दाखवा. आणि नुसतं कोडिंग नाही. दादाने दोन वर्षं बँकेचं काम केलं, तीन वर्षं रिटेलचं, मग विम्याचं. क्लेम कसा मंजूर होतो, कर्ज कसं थकतं, हे त्याला आतून कळतं. टेक्नॉलॉजी दर तीन वर्षांनी बदलते, धंद्याची ही समज मात्र टिकते.

तिसरं, जग. दीड वर्ष तो अमेरिकेत ऑनसाइट होता. तिथल्या बचतीतून फ्लॅटचं डाउन पेमेंट झालं. त्याहून मोठं म्हणजे, गोऱ्या मॅनेजरला "हे असं होणार नाही" असं तोंडावर सांगायला तो तिथे शिकला.

आणि चौथं, जे आपल्या वयात कुणी मोजत नाही: ग्रुप मेडिक्लेम. दोन वर्षांपूर्वी मामांची अँजिओप्लास्टी झाली. दादाने जास्तीचा प्रीमियम भरून आई-वडिलांना पॉलिसीत घेतलं होतं. हॉस्पिटलचं बिल कंपनीच्या विम्यातून गेलं. हे सांगताना दादा मामांकडे बघत नव्हता आणि मामा सीताफळाच्या बिया मोजत होते.

आणि हे मायनस

आता दुसरी बाजू. ऑफर लेटर हातात आलं की हिच्याकडे आपण डोळेझाक करतो.

पैशापासून सुरू करू. बड्या सर्व्हिस कंपन्यांत साध्या फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आगेमागेच घुटमळतंय. त्याच काळात पुण्यातलं भाडं, मेसचं बिल आणि पेट्रोल कुठल्या कुठे गेलं, ते तुम्हाला मी सांगायला नको. इथे मोठी पगारवाढ मिळते ती बहुतेकदा नोकरी बदलल्यावर. म्हणूनच कोविडनंतर बाजार तेजीत आला, तेव्हा जून २०२२ ला संपलेल्या वर्षात इन्फोसिसमधून माणसं सोडून जाण्याचा दर २८.४ टक्क्यांवर पोहोचला होता. तेव्हा कंपन्या माणसांच्या मागे धावत होत्या. तीनच वर्षांत वारं फिरलं.

मग बेंच. पूर्वी बेंच म्हणजे ऐश होती. कॅन्टीन, टीटी आणि सर्टिफिकेशनच्या नावाखाली सिनेमे. आता ते दिवस गेले. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला: वर्षात किमान २२५ दिवस बिलावर असायलाच हवं, आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त नाही. पुढच्याच महिन्यात तिने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, आणि झळ प्रामुख्याने मधल्या व वरच्या फळीला बसणार होती. दादाच्या वयाच्या फळीला. त्याच्याही कंपनीत बेंचची मर्यादा आहे. म्हणून तो दिवस मोजत होता.

फ्रेशर्सही सुटलेले नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमधून ३०० हून अधिक ट्रेनींना अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत म्हणून घरी पाठवलं गेलं. ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, हे त्या पोरांना अगदी विशीत कळलं.

तिसरं, बाँड आणि नोटीस पिरियड. अनेक ठिकाणी नोटीस पिरियड ९० दिवसांचा. नव्या कंपनीला माणूस पुढच्या सोमवारी हवा असतो आणि तुम्ही तीन महिने अडकलेले. बाँडला "अरे, नुसता कागद असतो" म्हणणारे सीनिअर प्रत्येक कॉलेजात असतात. त्यांचं ऐकू नका. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती मोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँडला हे जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण सही करण्याआधी वाचावा इतपत तो कागद नक्कीच गंभीर आहे. मामांचा शेरा यावरही तयार होता. "उचल घेतली की हंगाम करावाच लागतो."

चौथं, वेळ. क्लायंट न्यू जर्सीत असेल तर त्याची सकाळ ही तुमची रात्र. संध्याकाळी मित्र भेटायचं ठरवतात, नेमका तेव्हा तुमचा कॉल. त्यात मोठी माणसं सल्ले देतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या चेअरमननी आकडा ९० वर नेला. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घालवलेले तास यात धरायचे का, ते कुणीच सांगितलं नाही.

आणि ऑनसाइटचं स्वप्न? सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. मघाच्या हिशोबात तेवढी रक्कम म्हणजे एका माणसाचं दोन वर्षांचं बिलिंग. कोणती कंपनी कुणासाठी ती भरेल, तुम्हीच ठरवा. त्यात एआय. टेस्ट केसेस लिहिणं, जुनं कोड समजून घेणं ही ज्युनिअरची कामं आता टूल करतं, आणि क्लायंट विचारतो, मग मला कमी तासांचं बिल का नाही? ज्या धंद्यात तास विकले जातात, तिथे तास वाचवणारं यंत्र आलं की काय होणार, हे कळायला कन्सल्टंट लागत नाही.

जॉइन करण्याआधी हे विचारा

• मला कोणत्या प्रोजेक्टसाठी घेताय? करार टाइम अँड मटेरियल, फिक्स्ड प्राइस की मॅनेज्ड सर्व्हिसेस?

• बेंचची मर्यादा किती दिवस? त्या काळात पूर्ण पगार मिळतो का, व्हेरिएबल पे कापला जातो का?

• पॅकेजमधला फिक्स्ड भाग किती? पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बोनस बाजूला काढल्यावर हातात काय येणार?

• बाँड किती वर्षांचा, रक्कम किती? नोटीस पिरियडचे पैसे भरून लवकर निघता येतं का?

• शिफ्ट आहे का? रात्रीच्या ऑन-कॉलचा वेगळा भत्ता आहे का?

• आई-वडिलांना मेडिक्लेममध्ये घेता येतं का?

आणि दर वर्षी अप्रेझलच्या आधी एकच प्रश्न स्वतःला: उद्या हा प्रोजेक्ट बंद झाला, तर मला येणारं काम बाहेर कुणाला हवं आहे?

मुकादम बदलता येतो का?

संध्याकाळी देवळाकडे जाताना मी दादाला विचारलं, मामांचं मुकादम खरंच बरोबर होतं का? तो म्हणाला, अर्धं. क्लायंट त्याला ओळखत नाही, हे खरं. त्याचे तास विकले जातात आणि भाव त्याला कळत नाही, हेही खरं. पण त्याचा पीएफ जमा होतो. बेंचवरही पगार येतो. वडिलांचं बिल विमा भरतो. कंपनी आवडली नाही तर सीव्ही अपलोड करून तो दुसरीकडे जाऊ शकतो. गावातून दिवाळीच्या सुमाराला कोयते बांधून निघणाऱ्या जोडप्यांना यातलं काहीच नसतं. त्यांची उचल फिटली नाही तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे. त्यांच्या शेजारी उभं राहून आपल्या नोकरीला वेठबिगारी म्हणणं शोभत नाही.

"चूक माझीच झाली," तो म्हणाला. "चार वर्षं एकाच क्लायंटवर आरामात बसलो. टीम चांगली, मॅनेजर चांगला, पगार वेळेवर. तीन वर्षांपूर्वी बाजार चढा होता, तेव्हा एक तरी इंटरव्ह्यू द्यायला हवा होता. मुकादम वाईट नव्हता गं. मीच कोयत्याला धार लावली नाही."

माझं मत विचाराल तर असं: कन्सल्टन्सीत जरूर जा. पहिल्या तीन-चार वर्षांसाठी आपल्यासारख्यांना यापेक्षा चांगली शाळा क्वचितच मिळेल. पण तिला घर समजू नका. तुमचा तास कुठे, कितीला आणि कशासाठी विकला जातोय याचा हिशोब कंपनी रोज ठेवते. तुम्ही वर्षातून एकदा तरी ठेवा.

रात्री साडेआठला दादाचा कॉल होता. नव्या प्रोजेक्टसाठी क्लायंट राउंड. तिकडे सकाळचे अकरा. माडीवर नेटवर्क नीट येतं म्हणून तो लॅपटॉप घेऊन वर गेला. वर शर्ट, खाली बर्म्युडा. अंगणात आत्या पूजेचं ताट घेऊन चंद्राची वाट बघत उभी. चंद्र डोंगराआडून आला, तिने अर्घ्य दिलं, नैवेद्य दाखवला. पण पानावर बसायला तयार नाही.

"तो खाली येऊ दे," ती म्हणाली. "तेवीस दिवस झालेत त्याला."

मी बघतच राहिले. "तुला कसं कळलं?"

"दसऱ्याला आला तेव्हा चार दिवस राहिला आणि रात्री एकदाही फोन वाजला नाही त्याचा. अकरा वर्षांत पहिल्यांदा."

नवव्या दिवशी, बेंचच्या बत्तिसाव्या दिवशी, दादाला प्रोजेक्ट मिळाला. मॅनेज्ड सर्व्हिसेस. रात्रीची शिफ्ट. मामांना फोन करून त्याने तीनच शब्द सांगितले, "अण्णा, सालगडी झालो." आणि त्याच रविवारी त्याने क्लाउडच्या सर्टिफिकेशनची फी भरली, स्वतःच्या खिशातून.